कागदी पिशवी आणि पारसिकचा बोगदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पॅनिक अटॅकवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मीच चष्मा न लावता वाचतेय. रात्री ह्यांना दाखवला तर म्हणाले सोड ना, पुरवणी कोण वाचतंय. वाचतात हो लोक, माझ्या नणंदेने सकाळी सात वाजता फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला पण, "वहिनी तुझ्यासाठी" असं लिहून.

त्यातला उपाय नंबर चार, "जिथे त्रास होतो अशी ठिकाणे शक्यतो टाळावीत". ह्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय.

नोव्हेंबर 2019, संध्याकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा. तेव्हा फास्ट गाड्या ठाण्याच्या पुढच्या पारसिकच्या बोगद्यातनं जायच्या, डोंबिवली-कल्याणकरांना सांगायला नको. गाडी नेमकी बोगद्यात थांबली आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं, हाताची बोटं आणि ओठ बधिर, घाम, आणि आता आपण मरतोय ही पक्की खात्री. डब्यात एकच गोंधळ. कोणी लिमलेटची गोळी दिली, कोणी विचारलं "प्रेग्नंट आहे का?" (वय वर्षं 44!), आणि एकीने "कांदा हुंगवा" म्हटल्यावर भाजी निवडत बसलेल्या बाईंच्या पिशवीतनं खरंच कांदा निघाला. त्या सगळ्याजणींचे उपकार आहेत, कांद्यासकट.

मग रात्री हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल, "गॅसेस आहेत मॅडम". पंधरा दिवसांनी परत तेच, परत ईसीजी, परत गॅसेस. टू डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, थायरॉईड झालं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. हे सगळं करू नका असं मी म्हणत नाहीये, पहिल्यांदा छातीत असं झालं तर ईसीजी काढलाच पाहिजे. पण नॉर्मल आल्यावर "काही नाही" म्हणून घरी पाठवतात ना, तिथे खरी गंमत होते, कारण काही नाही तर मग हे काय आहे हे कोणीच सांगत नाही. पॅनिक हा शब्द मी चौथ्या डॉक्टरांकडे ऐकला.

तोपर्यंत तुमचा उपाय नंबर चार मी स्वतःच शोधून काढला होता. आधी फास्ट सोडली, स्लो पकडायला लागले, कळवा-मुंब्र्यावरनं, म्हणजे पारसिकचा बोगदा नाही. बरं वाटलं. मग स्लोमधे पण मुंब्र्याच्या आधी धडधडायला लागलं. मग दाराजवळच उभं राहायचं, मग एकटीने प्रवास नको, मग मॉल नको, लिफ्ट नको, लग्नाच्या हॉलमधे मधल्या रांगेत बसायचं नको. अटॅक येऊन येऊन किती वेळ येतो, दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि अर्ध्या तासात बहुतेक ओसरतो. पण तो परत येईल ह्या भीतीने माझी दोन वर्षं खाल्ली. त्यात लॉकडाऊन आलं, सगळं जग रडत होतं आणि मी मनातनं खुश, लोकल बंद! हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

2021 च्या शेवटी ऑफिसने परत बोलावलं तेव्हा नाइलाजाने थेरपिस्टकडे गेले. त्यांनी नेमकं उलटं केलं. क्लिनिकच्या जिन्यावर वरखाली पळवलं, एका जागी गोल फिरवलं, बारीक स्ट्रॉमधनं श्वास घ्यायला लावला, म्हणजे धडधड आणि चक्कर मुद्दाम आणायची आणि बघायचं की आपण मरत नाही. "पळू नका, घड्याळ बघा." हळूहळू ठाण्यापर्यंत, मग एक स्टेशन पुढे. जानेवारी 2022 मधे मी फास्टने तो 1916 सालचा बोगदा एकटीने पार केला आणि डोंबिवलीला उतरून वडापाव खाल्ला. आणि फेब्रुवारीत रेल्वेने फास्ट लोकल त्या बोगद्यातनं काढूनच टाकल्या! एक महिना आधी काढल्या असत्या तर माझी फी वाचली असती, असं ह्यांचं मत.

आता त्याच लेखात सुचवलेली तुमची कागदी पिशवी. ती तोंडाला लावून श्वास घ्यायचा हा जुना उपाय आता डॉक्टर सांगत नाहीत. माणसाला खरंच दम्याचा किंवा हार्टचा त्रास असेल आणि तुम्ही पिशवी लावलीत तर जीवावर बेतेल. आणि "भराभर दीर्घ श्वास घ्या" हे कोणी लिहिलं? भराभर श्वासानेच तर रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि बोटं बधिर होतात, चक्कर येते. हळू घ्यायचा, आणि सोडताना जास्त वेळ लावायचा, एवढंच. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो छापायला जागा नव्हती. पण बरोब्बर लेखाच्या खाली "भीती, नैराश्य, वशीकरण, 24 तासांत गॅरंटी" ह्या बाबांच्या जाहिरातीला चार कॉलम जागा होती, मोबाईल नंबरासकट. छान!

लेखिकेवर माझा राग नाही, बाकीचा लेख बरा आहे. फक्त नंबर चार आणि पिशवी दुरुस्त करून छापा, पहिल्या पानावर नको, पुरवणीतच चालेल.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात उभ्या 9 चं शोधसूत्रच छापलेलं नाही, हे तिसऱ्यांदा होतंय. आणि उत्तर मात्र "कंदील" म्हणून देता. कसला कंदील?

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली पूर्व