सूचना : शनिवार-रविवार, लघुग्रह ओळखण्याचा सराव

सभासदांनो, दोन्ही रात्री ९ वाजता सोलापूरच्या हिप्परगा तलावाजवळ जमायचे आहे. एकाच रात्री येऊन उपयोग नाही. लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला तरच ओळख पटते.

पॅरिसमधला चित्रकार हेरमान गोल्डश्मिट याच रीतीने शोध घेई. १५ नोव्हेंबर १८५२ रोजी त्याला कॅफे प्रोकोपच्या वरच्या घरातून लुटेशिया हा लघुग्रह सापडला. १८६१पर्यंत त्याच्या नावावर १४ लघुग्रह जमा झाले. मोठी वेधशाळा नव्हती, हे लक्षात घ्या.

१०×५० द्विनेत्री (बायनॉक्युलर), ट्रायपॉड, जाड पुठ्ठा, पेन्सिल आणि लाल जिलेटिन लावलेला टॉर्च आणावा. दोन्ही रात्री आकाशाच्या त्याच भागाचे चित्र काढून ती ताडायची आहेत. हातात धरलेल्या द्विनेत्रीने चित्र काढता येत नाही. आधी कागदावर ५-६ ठळक तारे मांडा, मग त्यांच्यातली अंतरे डोळ्याने मोजत अंधुक ठिपके भरा. छापील नकाशा बघून ठिपके टाकू नका. सगळे चुकते ते इथेच, कारण डोळा जे नकाशात आहे तेच पाहतो. चित्रावर तारीख आणि वेळ हवीच.

प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, व्हेस्टासारखा लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका सरकतो. ठिपका हललाच नाही तर तो ताराच समजा.

शहराचा उजेड तिथून दक्षिणेला येतो, म्हणून लक्ष्य डोक्यावर आल्यावरच चित्र काढू. पाण्याकाठी भिंगावर दव धरते. पुठ्ठ्याची नळी पुढे लावा, भिंग रुमालाने पुसू नका. गाड्यांचे दिवे आल्याबरोबर बंद. शनिवारचा कागद रविवारी विसरू नये.