मुंगीसाठी झाडं कापतात तेव्हा

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या अंकात झाडं लावून ‘उजाड’ माळ हिरवा केल्याचं कौतुक वाचलं. मी सोलापूरची, सध्या लेकीकडे इंग्लंडात, डेव्हन काउंटीत आले आहे. इथे नेमकं उलटं पाहिलं, म्हणून हे पत्र.

एक्सेटरच्या नैऋत्येला चडली नाइटन नावाचा झुडपी माळ आहे. तिथे स्वयंसेवक बर्चची डोक्याइतकी उंच वाढलेली झाडं करवतीने कापत होते. जीव कळवळला. कारण विचारलं, तर एकाने गवतातला, उपड्या वाडग्याएवढा काडीकचऱ्याचा ढीग दाखवला. वारूळ! भिंगातून बघितलं तर मुंगीच्या डोक्याला मागे खाच, अगदी पत्त्यांतल्या बदामासारखी. ही फॉर्मिका एक्सेक्टा जातीची मुंगी. पूर्वी बोर्नमथ, आइल ऑफ वाइटकडेही होती. आता इंग्लंडात मूळची म्हणून ती या एकाच माळावर उरली आहे. त्यानंतर दिसते ती थेट स्कॉटलंडात. वारुळावर सावली आली की आतल्या अळ्यांना ऊब मिळत नाही. त्यात नवी राणी एकटीने संसार मांडत नाही. काळ्या मुंग्यांच्या वारुळात घुसते आणि आपली पिल्लं त्यांच्याकडून वाढवून घेते. म्हणजे शेजारपाजारही शाबूत हवा.

रानातल्या मुंग्यांचीही तीच गत. जवळच यार्नर वुड हे ओकचं रान 1952पासून राखीव आहे. तिथे तांबड्या, रुफा जातीच्या मुंग्यांचे मोठाले ढीग पाहिले, ते वाटेच्या कडेला, ऊन येतं तिथे. लेकीने निळं ब्लूबेलचं फूल एका ढिगावर धरलं. मुंग्यांनी पोट पुढे वळवून आम्ल उडवलं आणि पाकळ्यांवर गुलाबी ठिपके उमटले! व्हिनेगरसारखा वास कितीतरी वेळ नाकात होता. पाइनची दाट लागवड होऊन अंधार झाला, की हे ढीग ओस पडतात.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी राखलेल्या गवतातही एके काळी ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली होती. ज्या पक्ष्याला लांबवर मोकळं दिसायला हवं, त्याच्यासमोर झाडांची भिंत! पुढच्या पावसाळ्यात लाखो रोपांची बातमी येईलच. तेव्हा खड्डे खणण्याआधी त्या माळावर कोण राहतं हे कुणी पाहिलं होतं का, एवढं आपल्या वार्ताहराने विचारावं, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर (सध्या मुक्काम एक्सेटर)