कारखाना राष्ट्राचा, कमाई कुणाची?

मा. उद्योगमंत्री महोदय,

राष्ट्रीय प्रकल्पाचे उद्घाटन असले की गुंतवणूक किती, उत्पादन किती टन, हे आकडे जाहीर होतात. त्यातून मजुरी म्हणून किती वाटले जाणार, हा आकडा मी कधी ऐकलेला नाही. म्हणून हे पत्र.

१९६८ ते १९७३ या काळात ब्राझीलची अर्थव्यवस्था वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी वाढत होती. तेल आणि लोहखनिजाच्या बड्या कंपन्या सरकारच्याच होत्या. पण लष्करी राजवटीने कामगार संघटना दडपल्या आणि किमान वेतन महागाईच्या मागे पडू दिले. १९६० आणि १९७० च्या जनगणना शेजारी ठेवल्या तर विषमता वाढलेलीच दिसते. तैवानमध्येही साखर, तेल, वीज सरकारच्या हाती होते. मात्र तिथे १९४९ मध्ये शेतीचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधला गेला, १९५३ मध्ये कुळांना जमिनी मिळाल्या आणि छोटे कारखाने खेड्यांपर्यंत पोचले. विकास झाला, तरी दरी रुंदावली नाही. मालक दोन्हीकडे सरकारच होते!

बोट्स्वानाच्या मोठ्या हिरे कंपनीत सरकारचा निम्मा वाटा आहे. त्या पैशातून शाळा झाल्या, रस्ते झाले. तरीही तो देश जगातल्या सर्वाधिक विषम देशांत मोडतो. हिरे काढायला माणसे फार लागत नाहीत, हे त्याचे एक कारण.

विषमता आधी वाढते आणि पुढे आपोआप घटते, असे सल्लागार तुम्हाला सांगतील. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये ही शक्यता मांडली, तेव्हा आपल्या लेखात माहिती ५ टक्के आणि तर्क ९५ टक्के असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले होते. तेवढ्या भरवशावर एका पिढीला ताटकळत ठेवणे मला क्रूर वाटते.

सगळ्यात जास्त बोचते ते गेटच्या आत. एकाच यंत्रावर दोघे राबतात. एकाला पगारी रजा आणि निवृत्तिवेतन. दुसऱ्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत. अपघात झाला की तो कुणाचा माणूस, यावरूनच वाद सुरू होतो. जो उद्योग स्वतःला राष्ट्राचा म्हणवतो, त्याने ठेकेदाराच्या आड लपू नये.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक राष्ट्रीय कंपनीने वार्षिक अहवालात नफ्याच्याच पानावर मजुरीचा एकूण वाटा, कंत्राटी कामगारांची संख्या आणि सर्वांत कमी पगार छापावा. समान कामाला समान वेतन द्यावे. आणि नव्या प्रकल्पाला मंजुरी देताना या तीन आकड्यांचा अंदाज आधी मागावा.

आपली,
एक नागरिक