उद्देशिका झाली, आता दहावे परिशिष्ट वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजांत आणि पंचायतींत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. यंदा त्याला जोडून दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांचा, चौथा परिच्छेदही मोठ्याने वाचावा, ही सूचना करण्यासाठी हे पत्र. नोकरीभर नागरिकशास्त्र शिकवले, उद्देशिका मुलांकडून इतकी घोकून घेतली की झोपेतून उठवले तरी म्हणतील. पण संविधानाने दिलेला शब्द आणि त्यातून सुटायला ठेवलेली वाट, दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय काही कळत नाही.

गोवेकराला तर हे अनुभवाने ठाऊक हवे. १८२२, १८२६, १८३८, १९११ आणि १९३३ अशी पोर्तुगालची पाच संविधाने आपल्या डोक्यावरून गेली. त्यातले १८२६चे म्हणजे तर राजाने मेहेरबानी म्हणून दिलेली सनद. १९११च्या, म्हणजे रिपब्लिकाच्या संविधानाची आठवण मात्र आमच्या घरात आदराने निघायची. लिस्बनमध्ये राजा गेला, चर्च आणि सरकार वेगळे झाले, हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीची जागा मिळाली. सरकारी नोकरीची दारे उघडली, मराठी शाळा आणि वाचनालये वाढली.

मग पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार आले. त्यांचे १९३३चे संविधान सार्वमताने मंजूर झाले, असे कागदोपत्री आहे. जे मतदानाला फिरकलेच नाहीत, त्यांनाही त्या सार्वमतात होकारात धरले होते! याच संविधानाच्या आठव्या कलमात विचारस्वातंत्र्य दिलेले आहे, आणि त्याच कलमात खाली लिहून ठेवले आहे की ते कसे वापरायचे हे खास कायदे ठरवतील. हे खास कायदे म्हणजे काय, ते मला आईच्या ट्रंकेत सापडले. मावशीच्या लग्नपत्रिकेचे ते प्रूफ होते. वर 'श्री शांतादुर्गा प्रसन्न', मध्ये वधूवरांची नावे आणि मुहूर्त, खाली आप्तेष्टांची यादी, आणि कोपऱ्यात सेन्सॉरचा जांभळा, तिरका बसलेला शिक्का. गोरज मुहूर्तात सरकारविरोधी काय असणार होते, देव जाणे. पण शिक्क्याशिवाय छापखानेवाला पत्रिका छापत नसे.

भारताचे संविधान त्या जातकुळीतले नाही, हे मी सांगायला नको. १९६२च्या बाराव्या दुरुस्तीने आपण त्यात आलो आणि १९६७च्या जनमत कौलात आपले भवितव्य मत टाकून ठरवले. तरी खालचे पोटकलम वाचायची सवय सुटता कामा नये.

१९८५ साली ५२व्या दुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडला की आमदारकी गेली, हा नियम. एकतृतीयांश आमदार मिळून फुटले तर माफ, ही सवलत. २००३ साली फुटीची सवलत काढली, पण चौथ्या परिच्छेदातली विलीनीकरणाची राहिली. विधिमंडळ पक्षातले दोनतृतीयांश सदस्य विलीनीकरणाला राजी असतील तर अपात्रता लागत नाही. थोडक्यात, एकटा गेला तर तो पक्षांतर करणारा, टोळीने गेले तर विलीनीकरण. ४० जणांच्या विधानसभेत हा हिशेब बोटांवर होतो. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. नेमके दोनतृतीयांश, एक कमी नाही की जास्त नाही. जानेवारी २०२२मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली, आणि सप्टेंबरात निवडून आलेल्या ११पैकी ८ जण गेले. देवाला लोक भ्याले नाहीत, पण दोनतृतीयांशाला लागणारे आठ जमल्याशिवाय कुणी गेले नाही; चौथ्या परिच्छेदाला मात्र सगळे भितात. २०१९च्या प्रकरणात आमदारांना अपात्र न ठरवण्याचा सभापतींचा निर्णय उच्च न्यायालयानेही २०२२मध्ये कायम ठेवला. म्हणजे झाले ते सारे कायद्याला धरूनच. उद्या वारे फिरले तर उलट दिशेनेही हेच होईल.

इतर देशांनी या दुखण्यावर काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या पोर्तुगालने आपल्या लग्नपत्रिका तपासल्या, त्यानेच १९७४च्या क्रांतीनंतर १९७६ साली नवे संविधान केले. त्याचे १६०वे कलम सांगते, की ज्या पक्षातर्फे निवडून आलात तो सोडून दुसऱ्यात नाव नोंदवले की सदस्यत्व संपले. एक जावो की दहा, सूट नाही. दक्षिण आफ्रिकेने २००२-०३मध्ये उलट प्रयोग केला. पक्षातले किमान १० टक्के सदस्य मिळून निघाले, तर ठरावीक १५ दिवसांत पक्ष बदलायची मोकळीक दिली. छोटे पक्ष पोखरले गेले, लोक संतापले, २००९मध्ये ती सोय गुंडाळावी लागली. बांगलादेशच्या १९७२च्या संविधानातले ७०वे कलम दुसऱ्या टोकाचे. सभागृहात पक्षाविरुद्ध मत दिले तरी जागा जाते. ते आपल्याला नको, त्यात सदस्य नुसता हात वर करण्यापुरता उरतो. जर्मनीच्या १९४९च्या संविधानाचे ३८वे कलम खासदाराला फक्त त्याच्या सदसद्विवेकाशी बांधते, पक्ष सोडला तरी जागा राहते. हे वाचायला फार सुंदर आहे. आपल्याकडे मात्र सदसद्विवेक एकाच दिवशी दहा जणांचा एकदम जागा होतो.

माझे एक वकील स्नेही म्हणतात, पोर्तुगालात लोक पक्षाच्या यादीला मत देतात, आपल्याकडे उमेदवाराला, तेव्हा ही तुलनाच चुकीची. मुद्दा बिनतोड वाटतो. पण आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका निशाणी बघून बटण दाबतात, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आणि उपाय शोधायला लांब जायला नको. २०१७मध्ये वाळपईत आणि २०१९मध्ये शिरोडा व मांद्रेत पक्ष सोडणाऱ्या आमदारांनी आधी राजीनामे दिले आणि नव्या निशाणीवर पोटनिवडणूक लढवली. तिघेही निवडून आले, शिरोड्यात अगदी थोडक्यात. त्यांचे पक्ष बदलणे मला तेव्हा आवडले नव्हते, आजही आवडत नाही. पण मतदाराला विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले, तिथे माझी तक्रार संपते. चौथा परिच्छेद काढून टाकला तर टोळीने जाणाऱ्यांनाही हाच रस्ता धरावा लागेल. पोटनिवडणुकांचा खर्च वाढेल, हे कबूल.

ही दुरुस्ती संसदेनेच करायची आहे. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन सदस्य आहेत, त्यांनी ती मागावी असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. अनुमोदक मिळाला आहे. इतर गावांत कुणाला मांडायचा असेल तर मसुदा खुशाल उतरून न्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मये, डिचोली