राज्य मासा वाट्यावर विकायला

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पापलेटला आपल्या सरकारने २०२३ मध्ये राज्य मासा जाहीर केलं, तेव्हा पेपरात फोटो-बिटो छान आले होते. त्याच वर्षी अजून एक काम झालं ज्याची बातमी बहुतेक कुणी वाचलीच नाही, ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, म्हणजे त्याच्यापेक्षा लहान मासा पकडायचा पण नाही आणि विकायचा पण नाही. पापलेटसाठी हा आकार आहे १३५ मिलिमीटर. साध्या बॉलपेनापेक्षा थोडा कमीच. आता तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरात वसई म्हणा, पालघर म्हणा, कुठल्याही मासळी बाजारात चक्कर मारा, तळहातावर दोन मावतील एवढाली पिल्लं वाट्यावर विकायला असतात, आणि ‘घे रे भाऊ, कुरकुरीत तळ, काटा पण लागणार नाही’ म्हणून आग्रह. लागणार कसा, काटा तयार व्हायच्या आधीच उचललाय त्याला!

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ते माशांच्या विणीसाठी. पण १ ऑगस्टला बोटी सुटतात तेव्हा ही पिल्लं किनाऱ्याजवळच असतात, अजून वाढायचीच असतात, आणि पहिल्याच फेऱ्यांत जाळ्यात येतात. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत न्या ही मागणी खुद्द मच्छीमारच करत आलेत, सातपाटीसारखं पापलेटवर उभं राहिलेलं गाव आहे, त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? पण एकट्याने बोट बांधून ठेवून काय उपयोग, शेजारचा जाऊन घेऊन येतो, वर डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार डोक्यावर असतोच. आणि हिशोब बघा, ४००-५०० ग्रॅमचा पापलेट किलोला हजाराच्या पुढच्या भावाने जातो, त्याचीच पिल्लं ढिगाने कवडीमोलात.

लहान मासा परत समुद्रात सोडा असं काही लोक सांगतात, ऐकायला बरं वाटतं. पण ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेतात त्या जाळ्यात बाकीच्या मासळीखाली दबून वर येईपर्यंत तो बहुतेक मेलेलाच असतो, सोडून काय करणार? त्यामुळे खरी गोष्ट जाळ्याच्या आसाची, म्हणजे जाळ्याच्या भोकाची आहे. नेहमीचा आस ताण पडला की मिटतो आणि बारकं काही सुटत नाही, चौकोनी आस ओढताना पण उघडा राहतो आणि पिल्लं पाण्यातच निसटून जातात. हे आपल्याच देशात, कोचीच्या सिफ्ट या केंद्र सरकारच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने करून दाखवलेलं आहे, परदेशातून काही आणायचं नाहीये. डोलजाळ्यांचं, म्हणजे समुद्रात एका जागी रोवून ठेवतात त्या पिशवीसारख्या जाळ्यांचं पण तेच, आस बारीक तर कोलीमसोबत (बारीक कोळंबीसोबत) पिल्लं पण येणारच.

कायदा नाही असंही नाही. राज्याचा समुद्रातल्या मासेमारीचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये कडक केला, एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख दंड आहे. पण किमान आकार तपासताना मी तरी बंदरावर कुणाला पाहिलं नाही. केरळने हे २०१५ पासून सुरू केलं आणि तिथे बारकी मासळी आणणाऱ्या बोटी पकडून दंड लावतात, मग आपल्याला काय अडचण आहे?

फक्त एक विनंती, कारवाई करायचीच तर टोपली घेऊन बसलेल्या कोळीण मावशीपासून सुरुवात करू नका. तिने पहाटे लिलावात जे मिळालं तेच उचललेलं असतं. तपासायचं तर धक्क्यावर लिलावाच्या आधी तपासा, आणि नंतर ती हॉटेलं ज्यांच्या मेनूवर ‘बेबी पापलेट फ्राय’ अभिमानाने लिहिलेलं असतं, त्याचे रील पण बघून बघून कंटाळा आला. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण पण ‘छोटे आहेत का छोटे’ विचारणं बंद केलं पाहिजे, आमच्या घरात यावरून वाद होतात ते वेगळं.

साहेब, तुमच्या पेपरात भाजीचे आणि सोन्याचे भाव रोज येतात. ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने त्याच्या बाजूला पापलेट, सुरमई, बोंबील, हलवा यांच्या किमान आकाराचं छोटं कोष्टक छापाल का, शक्य झालं तर खऱ्या मापाची पट्टी काढून? मी कापून आमच्या मार्केटच्या खांबावर स्वतः चिकटवतो.

आपला,
एक मासेखाऊ वाचक, वसई