एकाच मॉडेलच्या सहा एअर रायफली, तीन नेमाच्या आणि तीन बिननेमाच्या

नेमबाजी सराव गट,
अमळनेर, जि. जळगाव
दिनांक: 12 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: 0.177 इंची ब्रेक बॅरल (नळी बिजागरावर मोडून छर्रा भरायच्या) एअर रायफलींच्या सहापैकी तीन संचांतील दोष, आणि माहितीपत्रकातील दाव्यांबाबत.

संदर्भ: आमचे 8 एप्रिलचे पत्र व आपले 22 एप्रिलचे उत्तर.

महोदय,

आपल्या जळगावच्या विक्रेत्याकडून फेब्रुवारीत आम्ही प्रत्येकी 11,800 रुपयांना सहा रायफली घेतल्या. सगळ्या स्प्रिंग-पिस्टनच्या, 4.5 मिमी बोअरच्या, प्रत्येकीसोबत 4×32 दुर्बीण. सराव 10 मीटरवर, कागदी लक्ष्यावर. पहिल्या पत्रात आम्ही लिहिले होते की तीन संचांचे ग्रुपिंग, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पसारा, फार मोठे येते. त्यावर आपले उत्तर एका ओळीचे आले: "रायफली कारखान्यात तपासलेल्या आहेत, नेम हा नेमबाजाच्या हातावर अवलंबून असतो." सोबत तीन छऱ्यांच्या एका ग्रुपचा फोटो, 4 मिमीचा.

हाताचा प्रश्न आधी संपवू. कापसाचा हंगाम सरला की इथली जिनिंगची गोदामे रिकामी पडतात. त्यातल्याच एका बंद गोदामात, वारा नसताना, सकाळी सहा ते आठ या वेळेत चाचणी घेतली. नेमबाज दोनच. दर दहा छऱ्यांनी रायफल बदलायची, आणि प्रत्येक संशयित रायफलीनंतर चांगली रायफल हातात घ्यायची, म्हणजे थकवा आला असेल तर तो दोन्हींत सारखाच दिसावा. स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून ठेवली की उडी मारते आणि दरवेळी वेगळी मारते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून पिशवीवर हात, उघड्या तळहातावर रायफल नुसती टेकलेली, खांद्याला हलकी. छर्रे चपट्या डोक्याचे, 0.53 ग्रॅमचे, तीन वेगवेगळ्या बनावटींचे. ज्या रायफलीला जी बनावट सर्वांत चांगली मानवली तिचेच आकडे पुढे दिले आहेत. मोजमाप व्हर्नियरने: सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर, वजा 4.5 मिमी.

प्रत्येक रायफलीचे दहा छऱ्यांचे तीन ग्रुप, त्यांची सरासरी अशी. क: 9 मिमी. ख: 11. ग: 10. घ: 26. च: 31. छ: 22.

या किमतीच्या कारखानी स्प्रिंग रायफलीने 10 मीटरवर दहा छरे 10 मिमीच्या आसपास ठेवले तर आमची काही तक्रार नाही. पहिल्या तीन रायफली चांगल्या आहेत, तसे इथे लेखी देतो. पण त्याच मॉडेलच्या, त्याच किमतीच्या, त्याच खोक्यातल्या दुसऱ्या रायफली दुपटी-तिपटीने पसरतात, तेव्हा दोष हाताचा राहत नाही, कारखान्यातल्या तपासणीचा असतो.

आपण पाठवलेल्या तीन छऱ्यांच्या फोटोबद्दल. आमच्या क रायफलीने तीन-तीन छऱ्यांचे ग्रुप 2 मिमीपासून 8 मिमीपर्यंत दिले, रायफल तीच, सकाळ तीच. तीन भोके कधी योगायोगानेही जवळ पडतात. घ रायफलीनेसुद्धा एकदा तीन छरे 5 मिमीत टाकले. तोच फोटो पाठवला असता तर आपण तीही "उत्तीर्ण" केली असती. दहा छऱ्यांखाली ग्रुप मोजून रायफलीचा निकाल लावता येत नाही.

आता दोष एकेक.

घ रायफल. दोष नळीच्या तोंडाशी आहे. छर्रा नळीतून सुटतो तेव्हा मागची हवा त्याच्या घेराला सगळीकडून एकाच क्षणी सुटली पाहिजे. तोंडाच्या कडेला एका बाजूला बर (कापताना उरलेली धातूची खरबरीत कड) राहिला असेल तर हवा एकीकडून आधी निसटते आणि छऱ्याचा मागचा घेर तिरका ढकलला जातो. तपासणीला यंत्र लागत नाही. कापसाचा बोळा, आणि त्याची आमच्या तालुक्याला वाण नाही, नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवायचा. बाकी पाच रायफलींवर तो गुळगुळीत फिरला. घ वर घड्याळातल्या चारच्या जागी दरवेळी तंतू अडकले, भिंगातून तिथे धातूची बारीक जिभली दिसते. भरीला, नळीतून मऊ छर्रा गजाने हळू ढकलून बाहेर काढला, तर त्याच्यावर आट्यांचे (नळीच्या आतल्या पिळदार खोबणींचे) व्रण एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम आहेत. म्हणजे बहुधा आटेही समकेंद्री नाहीत. नुसता बर असता तर गोल डोक्याचा पितळी स्क्रू आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घेऊन पंधरा मिनिटांत निघाला असता. आम्ही हात लावलेला नाही, कारण आपल्या वॉरंटीत "नळीवर कोणतेही काम केल्यास हमी रद्द" असे छापले आहे. ही नळी बदलून द्यावी लागेल.

च रायफल. इथे नळी चांगली, तिचे बिजागर वाईट. गंमत म्हणजे आपल्या दुर्बिणीऐवजी खात्रीची दुर्बीण बसवली तरी ग्रुप 30 मिमीच राहिला, पण दुर्बीण काढून उघड्या नेमाने, म्हणजे माशी आणि मागची खाच वापरून, तोच ग्रुप 12 मिमीवर आला. कारण साधे आहे. माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवर आहेत, नळी कुठे वळली तर त्याही तिच्याबरोबर वळतात. दुर्बीण मात्र मागच्या सिलिंडरवर आहे. नळी बंद करताना ती दरवेळी नेमक्या त्याच जागी बसली नाही तर दुर्बीण एकीकडे बघते आणि छर्रा दुसरीकडे जातो. हिशोब करून बघा: बिजागराच्या बोल्टपासून ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या मागच्या टोकाच्या, तोंडापर्यंत साधारण 40 मिमी अंतर आहे. तिथे 0.1 मिमी ढिलाई असली तर 10 मीटरवर 25 मिमी फरक पडतो. कागदावरची भोकेही तेच सांगतात, उभी रांग लागते, आडवा पसारा कमी.

रायफल कॉक करून (नळी मोडून स्प्रिंग ताणून) नळी अर्ध्यात सोडली तर ती जिथल्या तिथे थांबायला हवी. बाकी पाचांत थांबते, च मध्ये आपल्या वजनाने खाली पडते. बोल्ट थोडा आवळून पाहिला तर नळी घट्ट होते, पण वीसेक छऱ्यांत पुन्हा सैल. बोल्टला अडवणारा लॉकस्क्रू जागेवर नाही, त्याचे भोक रिकामे आहे. स्क्रूच बसवला नसेल तर कारखान्यात कोणती तपासणी झाली, हे कळेल तर बरे. उभी ढिलाई बंद करणारा ब्रीचखालचा कटकाही (नळी बंद धरणारी खुंटी) ढिला पडतो, त्याची स्प्रिंग क रायफलीच्या मानाने बोटालाच मऊ लागते.

छ रायफल निर्दोष आहे. तिच्यावर आमची दुर्बीण बसवली की 10 मिमी. दोष दुर्बिणीचा, आणि खरे तर सहाही दुर्बिणींचा, छ वरची फक्त आधी निकालात निघाली. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे सरकते, आणि पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे झटका खाते. साध्या दुर्बिणी एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेल्या असतात. छ वरच्या दुर्बिणीतली फुली 140 छऱ्यांनंतर तिरकी झाली. शिवाय 11 मिमी रेलवर अडथळ्याचे भोक आहे, पण आपल्या माऊंटला त्यात बसणारी पिन नाही, त्यामुळे माऊंट मागे घसरतो. रेलवर 2 मिमी लांबीचा ताजा ओरखडा आहे, बघून घ्यावा.

त्याहून मोठी अडचण पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याची. ही दुर्बीण 100 यार्डांवर जुळवलेली आहे आणि बदलता येत नाही. 10 मीटरवर डोळा मध्यापासून अगदी कडेला गेला तर 32 मिमीच्या काचेत नेम सुमारे 14 मिमी हुकू शकतो. दहाचा गोल अर्ध्या मिलिमीटरचा! नवशिक्या मुलांचा गाल दरवेळी कुंद्यावर त्याच जागी टेकत नाही, त्यांना ही दुर्बीण देणे म्हणजे शिकायच्या आधीच चूक शिकवणे. 10 यार्डांपर्यंत जुळणारी, एअरगनसाठी बनवलेली दुर्बीण वेगळी मिळते, महाग मिळते. ती देणे परवडत नसेल तर दुर्बीणच देऊ नका. मर्यादित पैशांत रायफल घेणाऱ्याचा पैसा नळीत, बिजागरात आणि ट्रिगरमध्ये जायला हवा. खोक्यावर शोभणाऱ्या काचेत नव्हे.

ट्रिगरचे थोडक्यात. लटकवायच्या डिजिटल काट्याने ओढ मोजली, 2.1 किलोपासून 3.8 किलोपर्यंत निघाली. समायोजनाचा म्हणून सांगितलेला स्क्रू ओढीला काहीच करत नाही, फक्त ट्रिगरच्या दोन टप्प्यांपैकी दुसऱ्याची लांबी बदलतो. आणि सहापैकी चार रायफलींत कुंद्याचे पुढचे दोन स्क्रू आल्याआल्याच सैल होते. वाहतुकीचा दोष म्हणाल तर बाकी दोनही त्याच गाडीने आल्या.

तेलाबाबत आपले सूचनापत्रक चुकीचे आहे. त्यात दर 100 छऱ्यांनी ब्रीचमध्ये दोन थेंब मशीन ऑइल टाकायला सांगितले आहे. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की खनिज तेल पेट घेते, छर्रा फटाक्यासारखा सुटतो, ब्रीचमधून धूर येतो आणि सील जळते. कारखान्यातून येतानाच नळीत तेल जास्त होते: पहिल्या वीस छऱ्यांचा वेग क्रोनोग्राफवर (वेगमापक यंत्रावर) 196 ते 251 मीटर प्रति सेकंद असा नाचत होता. आम्ही तेल टाकलेच नाही. तीनशे छऱ्यांनंतर वेग 205 ते 214 मध्ये स्थिरावला. हे पान बदला.

आता माहितीपत्रक. त्यात सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे "वेग 1000 फूट प्रति सेकंद", आणि त्याखाली "परवान्याची गरज नाही". 0.53 ग्रॅमच्या छऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. 1000 फूट म्हणजे 305 मीटर प्रति सेकंद. त्या वेगाने या छऱ्याची ऊर्जा 24 ज्यूलच्या वर जाते. शस्त्र नियम 2016 प्रमाणे विनापरवाना एअर रायफल 4.5 मिमी बोअरच्या आणि 20 ज्यूलच्या आत असायला हवी. 1000 फूट गाठून 20 ज्यूलच्या आत राहायचे तर छर्रा 0.43 ग्रॅमच्या खाली लागेल. तसे असेल तर छर्रा कोणता ते छापा. आमच्या सहा रायफलींची सरासरी 209 मीटर, म्हणजे सुमारे 11.6 ज्यूल आहे. वेग कमी आहे ही आमची तक्रारच नाही, 10 मीटरवर कागद फाडायला तो भरपूर झाला. उलट तुमचा दावा खरा असता तर आम्हाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली असती.

वेगाचा आकडा ग्राहकाला नेमाबद्दल काहीच सांगत नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलेला हलका छर्रा उलट डळमळतो. नेमाचा आकडा म्हणजे दहा छऱ्यांचा ग्रुप, ठरावीक अंतरावर, ठरावीक छऱ्याने. तो एकाही पानावर नाही, फक्त "मॅच अ‍ॅक्युरसी" असे शब्द आहेत. मुखपृष्ठावर सांबराचे चित्र कशासाठी? 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली सांबराची शिकार बंद आहे, आणि 12 ज्यूलचा छर्रा सांबराला फक्त जखमी करेल. यावल-रावेरकडचे केळीवाले ते चित्र बघून रानडुक्कर पळवायला ही रायफल चालेल का, असे विक्रेत्याला विचारतात. त्यांना काय सांगायचे?

आमच्या मागण्या अशा. घ ची नळी बदलून द्यावी आणि च चे बिजागर, कटका व लॉकस्क्रू दुरुस्त करावा. जमत नसेल तर दोन्ही रायफली बदलून द्याव्यात. दोन्हींसोबत बदलीनंतरचा दहा छऱ्यांचा मूळ कागद हवा, फोटो नको. सहाही दुर्बिणी परत घेऊन त्यांची किंमत वळती करावी. बिलात ती वेगळी दाखवलेली नाही, म्हणून आकडा आपण लेखी कळवावा. नेण्या-आणण्याचा खर्च आपला. वेगाचा दावा, सांबर आणि तेलाची सूचना पुढच्या छपाईत दुरुस्त करावी.

पंधरा दिवसांत ठोस उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर तक्रार दाखल करू. एकूण बिल 70,800 रुपयांचे आहे, 5 लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. बिलाची प्रत, अठरा ग्रुपचे कागद आणि क्रोनोग्राफचे आकडे सोबत जोडले आहेत.

घ आणि च खोक्यात बंद करून ठेवल्या आहेत. तपासणीला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा आणि त्याला सकाळी सहाला इथे यायला सांगा. आठनंतर पत्र्याखाली उभे राहवत नाही.

आपला,
सचिव,
नेमबाजी सराव गटाकरिता