विंगेतली खुर्ची

पॅरिस, १८ जानेवारी

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी इथल्या एका लहानशा चित्रपटगृहात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा ‘फ्रेंच कॅनकॅन’ पाहिला आणि घरी येताना वाटभर तुमचीच आठवण येत राहिली, म्हणून हे पत्र. १९५५ सालचा हा रंगीत चित्रपट ‘मूलाँ रूज’ हे नृत्यगृह कसे उभे राहिले याची कल्पित गोष्ट सांगतो. खरे ‘मूलाँ रूज’ १८८९ साली, आयफेल टॉवरच्याच वर्षी, सुरू झाले. कर्जात बुडालेला नृत्यगृहचालक दांगलार (ज्याँ गॅबाँने तो फार ऐटीत उभा केला आहे) पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत धुलाईचे काम करणाऱ्या नीनीला नाचताना पाहतो आणि मागे पडलेला कॅनकॅन, म्हणजे घागरे उधळत पाय उंच उडवायचा नाच, तिच्या जोरावर पुन्हा रंगमंचावर आणायचे ठरवतो. नीनीवर बेकरीतला एक पोरगा जीव टाकतो, एक राजपुत्रही टाकतो, आणि ती मात्र दांगलारवर; पुढचे रुसवेफुगवे तुम्ही ओळखालच. म्हातारी शिक्षिका मुलींचे पाय ताणून घेते, तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाई स्वतःचाच गुडघा चोळू लागल्या!

मोंमार्त्रचे रस्ते स्टुडिओत उभारलेले आहेत आणि ते लपवलेलेही नाही. ऑग्युस्त रेन्वारसारख्या चित्रकाराच्या मुलाला रंगवलेल्या भिंतीची लाज कशाला वाटेल? याच रेन्वारने त्याआधी बंगालमध्ये ‘द रिव्हर’ केला होता आणि तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करणारे सत्यजित राय त्याच्याबरोबर जागा पाहत हिंडले होते.

उद्घाटनाच्या रात्री, दांगलारने आपल्या एकटीचेच राहावे म्हणून नीनी खोलीचे दार लावून बसते. तो बाहेरून खडसावतो, की मी कुणा एकटीचा होणारा माणूस नाही, मला काम महत्त्वाचे. अखेर ती बाहेर येते आणि मग मुली घागरे उधळत थेट प्रेक्षकांत घुसतात. दांगलार मात्र बराच वेळ तो नाच पाहतच नाही. पडद्यामागे एकटाच खुर्चीत बसून, नुसत्या कानांनी ठेका धरून, बसल्या जागी पाय उडवतो.

राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी दिव्यांच्या बोर्डाशी लोखंडी स्टुलावर बसलेले तुम्ही मला तिथे दिसलात. ‘यांनी स्वतःचे एक नाटक समोरून पाहिलेले नाही,’ ही आईची तक्रार मलाही तेव्हा पटत असे. मे महिन्यात येताना हा चित्रपट घेऊन येते; तो तरी आईशेजारी बसून पाहावा.

तुमची,
धाकटी